व्याह्यांची गाडी आणि माझा कान

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. कारण यातला गाढव मीच आहे.

नागापूरच्या एका कारखान्यात माझी हयात गेली. मशीनला नुसता कान लावून बेअरिंग गेलंय का ते सांगायचो. रिटायर झालो, पण कान कुठला रिटायर होतोय! आमच्या कॉलनीत कुणाची गाडी कुरकुरली की आधी मी, मग गॅरेज.

तर राहात्याच्या आमच्या व्याह्यांना, म्हणजे सूनबाईच्या वडिलांना, जुनी गाडी घ्यायची होती. सूनबाईला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आपल्या गाडीतून आणायची त्यांची फार हौस.

"पाव्हनं, तुमी कान लावल्याबिगर गाडी घ्यायची न्हाई!" असं म्हणाले. फुगलो ना मी!

पहिली गाडी पाहिली. बसलो, क्लच दाबला. खट्!

"क्लच गेलाय. नको."

दुसरी गाडी. दाबला. खट्!

"हिचाही गेलाय!"

तिसरी एका मास्तरांची, लेकरासारखी जपलेली. व्याह्यांच्या ती मनातच भरली. त्यांनी स्वतः चालवून पाहिली.

"मला तर कायबी ऐकू येत न्हाई, पाव्हनं."

"त्याला कान तयार लागतो!" मी बसलो. खट्!

मास्तर लालबुंद. "अहो, आत्ताच नवा क्लच टाकलाय!"

"मग फसवलंय तुम्हाला," मी ठणकावलं.

व्याह्यांनी बिचाऱ्यांनी मास्तरांना नमस्कार करून काढता पाय घेतला. जावयाच्या बापाला 'तुमचं चुकतंय' असं तोंडावर कोण म्हणणार? आणि मला वाटलं, पटलं यांना!

व्याह्यांच्या घरी आलो. अंगणात त्यांचा ट्रॅक्टर उभा. चहा होईपर्यंत मी रुबाबात वर चढलो आणि सवयीनं क्लच दाबला. खट्!

"अहो, याचाही क्लच गेलाय की!"

व्याह्यांनी मान खाली घातली. "पाव्हनं… ट्रॅक्टर बंद हाय."

बंद? मी पुन्हा दाबला. खट्!

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या विहीणबाईंना राहवेना. "दादा, गुडगा वाजतोय तुमचा. निरगुडीचं तेल देऊ का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! माझ्या स्वतःच्या गाडीचा क्लच मी दोनदा बदलून घेतला होता, तो काय म्हणून?

लगेच मास्तरांना फोन लावला, माफी मागितली. पण गाडी तेवढ्यात दुसऱ्याला विकून मोकळे! "असू द्या, पाव्हनं," व्याही म्हणाले खरे, पण त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी सूनबाईला माहेरी सोडायला माझीच गाडी काढली. चालवायला मुलगा, मी मुकाट्यानं मागे. अर्ध्या वाटेत सूनबाई वळून म्हणाली,

"बाबा, आज आपल्या गाडीचा आवाज अगदीच येत नाहीये, नाही?"