मकरंदचा चौथा फॉरवर्ड

दोन गोलपोस्ट, त्यांच्या जाळ्या, ड्राफ्टचा फळा आणि त्यावरचे नावांचे अठ्ठेचाळीस मॅग्नेट. सगळं मी स्वतःच्या हातांनी बनवलंय.

गोलकीपर मात्र मला बनवता आला नाही.

मकरंदला जाऊन आज वर्ष झालं.

नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातल्या आपल्या मराठी लीगमध्ये सहा टीम. दरवर्षी सगळे खेळाडू फळ्यावर लावायचे आणि कॅप्टननी आळीपाळीने एकेक उचलायचा, हाच ड्राफ्ट. आमच्या टीमला कॅप्टन दोन: मी आणि मकरंद.

फुटबॉल मला कुणी शिकवला नाही. मॅचेस पॉज करकरून, वहीत आकृत्या काढून शिकलो. माझा नियम पक्का: जी जागा रिकामी, त्या जागेचा माणूस घ्यायचा.

मकरंदचा नियम: उरलेल्यांत जो सगळ्यात भारी, तो घ्यायचा. जागेचं नंतर बघू.

तीन वर्षांपूर्वी आमची पाळी आली तेव्हा फळ्यावर एकच कीपर उरला होता.

"मक्या, कीपर घे."

"भारी कोण उरलंय?"

"निनाद. पण आपल्याकडे तीन फॉरवर्ड आहेत!"

"मग चार होतील. पोहे खा, गार होतायत."

आठ दिवस मी त्याचा फोन घेतला नाही.

पहिल्या मॅचला मकरंद बाडहूव्हडॉर्पच्या घरून आला तो थेट गोलमध्ये जाऊन उभा राहिला. वय सत्तेचाळीस. हातात नवे कोरे ग्लोव्हज. चष्मा माझ्या खिशात.

पाच गोल खाल्ले. आमच्या चार फॉरवर्डनी सहा मारले.

"पाच खाल्लेस, लाज वाटते का?"

"वहीत आधी सहा लिही."

तेव्हापासून शेवटपर्यंत आमचा कीपर तोच.

मी धरून चाललो होतो की त्याने आधी चूक केली आणि मग निस्तरली. पण मला अर्धवट हिशोब चालत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोला, अनघाला, विचारलंच.

"ते ग्लोव्हज त्याने कधी घेतले गं?"

"ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी. म्हणाला, कुणाला बोलू नकोस. तुला तर अजिबातच सांगायचं नव्हतं."

म्हणजे रिकामी जागा त्यालाही दिसत होती. ती त्याने स्वतःच्या नावावर आधीच लावून टाकली होती. मी फळा बनवला, आणि मलाच दिसलं नाही.

गेल्या शनिवारी यंदाचा ड्राफ्ट झाला. आमच्या पाळीला एक कीपर उरला होता आणि मिडफील्डला खेळणारी ऋतुजा. मी ऋतुजाला घेतलं. तो कीपर लगेच प्रसादच्या टीमने उचलला, त्यांचा दुसरा.

चहाच्या वेळी प्रसाद शेजारी येऊन बसला.

"दादा, ऋतुजा आम्हाला द्या. जादाचा कीपर तुम्ही घ्या. वर तुमच्या आठही जणांची फी मी भरतो. कीपरशिवाय काय करणार?"

"कीपर आहे."

"कोण?"

"मी."

मकरंद, तुला मनापासून नमस्कार, मित्रा. खूप आठवण येते.

प्रसादला नाही म्हणालो. आठ जण, प्रत्येकी तीस. दोनशे चाळीस युरो.