गुरुवारचं कोर्ट

"वाढू नको गो, मार!"

कोर्टाचं दार लागलं की तिचं हे सुरू. दवाखान्यात मला अदबीने मॅडम म्हणणारी ही नर्स, रॅकेट हातात आली की थेट 'गो'वर यायची.

रोह्याला आमच्या कंपनी कॉलनीच्या क्लबात स्क्वॉशचं कोर्ट होतं. गुरुवारची संध्याकाळ बायकांची. बायका म्हणजे आम्ही दोघीच. ती पेणच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची लेक. खेळ कुठे शिकलीस म्हटलं तर सांगायची, "भिंतीनं शिकवला. ती कधी दमत नाय."

आणि मी? साहेबांची बायको. घामसुद्धा रुमालाने टिपून घ्यायचे. चेंडू असा मारायचे की समोरच्याला जागचं हलायला लागू नये. पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा. चुकून पॉइंट मिळालाच तर वर 'सॉरी'. असं ध्यान तुम्हीही पाहिलं असेल. आरशात नसेल, तर शेजारी.

ती मला पुढच्या भिंतीशी न्यायची आणि तळाच्या पत्र्यावर रॅकेट आपटायची. "ह्याच्या जराशी वर मार. तिथनं पडलेला चेंडू उचलतोय कोण?" पण चेंडू पत्र्यालाच लागायचा. धाडकन आवाज, पॉइंट गेला, आणि बाहेर कॅरमवाले हसायचे. मी लाजून पुन्हा उंच मारायला लागायचे.

"वाजू दे! पत्रा काय तुझी सासू हाय?"

एकदा क्लबच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं, बायका नुसता चेंडू खेळवतात, तेव्हा गुरुवार पुरुषांना द्यावा. ती ताडकन म्हणाली, "आमच्या मॅडमला हरवा, मग घ्या!"

मी 'छे, छे' म्हणणार होते. पण ती सभासद नव्हती, माझी पाहुणी म्हणून यायची. गुरुवार गेला की तिचं कोर्टच गेलं. नाही कसं म्हणणार?

सेक्रेटरी स्वतःच खेळायला उतरले. शेवटच्या पॉइंटपर्यंत सामना बरोबरीत. सेक्रेटरी हसले, "वहिनी, दमलात वाटतं?" वर गॅलरीतून आरोळी आली, "मार गो!"

मारला. पत्र्याच्या बोटभर वर लागून चेंडू कोपऱ्यात पडला आणि तिथेच मेला. सेक्रेटरी पोटावर घसरत पोचले, उशिरा. 'सॉरी' माझ्या ओठांवर आलं होतं. वर पाहिलं, तर तिने डोळे वटारलेले. गिळलं.

गुरुवार पुढे कित्येक वर्षं आमचाच राहिला. यंदा ती गेली. मी आता पेणला, रामवाडीत राहते. गुडघ्याला पट्टा बांधते आणि गुरुवारी एसटीने रोह्याला जाते.

परवा नवा सेक्रेटरी म्हणाला, "आजी, आता पार्टनर नाही, तर गुरुवार सोडता का?"

"भिंत आहे की."

तो दारातच रेंगाळला, म्हणून मी मुद्दाम खाली मारला. पत्रा असा वाजला की बिचारा दचकला. मी सॉरी म्हटलं नाही. उजवीकडची तिची बाजू मोकळी ठेवली, आणि पुन्हा मारला.