चाचणीत बोलायचं नसतं

भिंतीवर मी होते. माणसापेक्षा मोठी. पदर घसरलेला, कपाळावर घाम, हातात मोबाईल. भिंतीवरच्या मी तो मोबाईल आधी कपाळाला लावला, मग डोळ्यांना, आणि मग त्यावर बोट ठेवलं.

सगळी खोली हसली.

खरी मी दारात उभी होते. चहाचा ट्रे घेऊन. इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, आमच्या विभागाच्या मॅडम, मागं पोरं-पोरी. भिंतीजवळ ओंकार. निपाणीचा पोरगा. इंग्रजीत सांगत होता. सगळं नाही कळलं, पण 'इल्लिटरेट' कळलं.

"हू इज शी?" परीक्षकांनी विचारलं.

ओंकारनं मला पाहिलं. माझ्याकडं बघतच म्हणाला, "नोबडी, सर. क्लीनिंग लेडी."

कालपर्यंत मी मावशी होते.

मी बार्शीकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला इकडं फौंड्रीत काम लागलं म्हणून बेळगावात आलो, पिरनवाडीत खोली घेतली. वर्षभरात तो मला टाकून गेला. माघारी जावं तर आई-बाप राहिले नव्हते. कॉलेजनं कामावर घेतलं. लॅब झाडायची, टेबलं पुसायची. धूळ नको म्हणून लॅबमध्ये सगळे अनवाणी; दारातल्या चपला ओळीनं लावायच्या. खंडेनवमीला मशिनींना झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी सगळे मशिनींच्या पाया पडतात. मॅडम पडतात, ओंकारही पडतो. मीही पडते. लहानपणी पाटीला पाय लागला तरी पाया पडायचो, तशी.

ज्यांनी आसरा दिला त्यांच्यापुढं माझी मान वर होत नसे. काही फुटलं तर? कुणाला राग आला तर? म्हणून जो जे म्हणेल त्याला मी हो म्हणायची.

त्यात ओंकारचे तर उपकार. पावसाळ्यात मी तापानं फणफणले होते, लॅबच्या दारातच बसले. सगळे बघून आत गेले. हा थांबला. गाडीवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पाट्या कन्नडात आणि इंग्रजीत. कुठल्या खिडकीला उभं राहायचं तेच मला उमजेना. त्यानंच सगळं केलं. गोळ्या आणल्या. "बसा मावशी, मी हाय न्हवं," म्हणाला. इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. मला मूल नाही. त्या दिवशी वाटलं, असतं तर असंच असतं.

म्हणून तो "मावशी, जरा बसतासा काय? आमचं ॲप बघायचं हाय," म्हणाला तेव्हा मी हात धुऊन, पदर सारखा करून बसले. मोबाईलवरून दवाखान्यात नंबर लावायचं ॲप. समोर त्यानं दुसरा मोबाईल उभा केला. वाटलं फोटो काढतोय. एवढ्या शिकलेल्या पोराच्या हातची वस्तू, म्हणून आधी कपाळाला लावली.

उघडलं तर त्यातही कन्नड आणि इंग्रजी. मराठी मी वाचते. तेवढंही सांगायचा धीर झाला नाही.

"हे दाबू का?"

तो गप्प.

"ओंकार, सांग की रं."

गप्प. नुसता बघत होता. मध्येच काहीतरी टिपून घेत होता. शेजारचा त्याचा जोडीदारही गप्प. वाटलं, मी मोडलं काहीतरी. परत परत दाबत गेले. मान खाली घातली, घाम पुसला. आपलं माणूस समोर बसलंय आणि हाकेला ओ देत नाही. तापात दिलेली ओ आता का देत नाही?

शेवटी म्हणाला, "झालं, मावशी."

"चुकलं का रं माझं?"

"न्हाय, न्हाय. लई भारी केलासा. चाचणीत आम्ही बोलायचं नसतं. नियमच हाय तसा."

नियम म्हटल्यावर मला पटलं. त्याला चहा करून दिला वर.

आता ती चाचणी भिंतीवर होती. "सांग की रं," मी भिंतीवरून म्हणत होते आणि पोरं पोट धरून हसत होती. मग ओंकारनं पुढचं चित्र लावलं. दवाखान्यातला बाक. बाकावर मी. तापानं मुडपून पडलेली, तोंड उघडं.

तो फोटो त्यानं कधी काढला, मला ठाऊक नव्हतं. गोळ्या आणायला गेला तेव्हा? की "मी हाय न्हवं" म्हणाला त्याच्या आधी?

परीक्षक म्हणाले, "तो मघाचा व्हिडिओ परत लावा जरा. त्या बाई नमस्कार करतात तिथून."

परत लावला. परत हसले.

मी ट्रे खाली ठेवला. जाऊन भिंतीवर चित्र पाडणाऱ्या मशीनच्या उजेडात उभी राहिले. भिंतीवरचं माझं तोंड माझ्याच छातीवर आलं, पदरावर हलायला लागलं. हसणं थांबलं.

"ओंकार, बंद कर ते. पुसून टाक."

"बाई, बाहेर जा," मॅडम म्हणाल्या.

मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी जा म्हटल्यावर गेले नाही.

परीक्षकांनी मान खाली घातली. ओंकारनं बंद केलं.

नंतर जिन्यात त्यानं मला गाठलं. डोळे लाल. "काय केलासा हे, मावशी? तुम्हीच व्हय म्हटलासा की. तापात कुणी नेलतं तुम्हाला?"

"तू नेलंस, बाबा. उपकार झाले. पण ताप माझा होता. चारचौघांत दाखवायला नव्हता दिला तुला."

"पुसलोय की आता."

खरंच पुसलं का, हे कळायचा मला मार्ग नाही.

मॅडमनी सांगितलं, माफी माग नाहीतर लॅब सोड. म्हाताऱ्या शिपाई आप्पांनी समजावलं, "आक्का, माग की गं माफी. शब्दानं काय झिजतंय?" मी नाही मागितली. आता मी मागच्या इमारतीचे संडास धुते. ओंकार पास झाला, बेंगळुरूला लागला. जाताना भेटला नाही. त्या बाकावरच्या "मी हाय न्हवं"मध्ये माया किती होती, हा हिशोब मला अजून लागत नाही. रोज रडू येतं, ते लॅब गेली म्हणून नाही.

परवा नव्या वर्षाची एक पोरगी शोधत आली. बोरगावची. हातात मोबाईल. "मावशी, जरा बसतासा काय? प्रोजेक्ट हाय."

"बसते. फोटो काढायचा न्हाई. आणि मी अडले की तू बोलायचं."

"बोलायचं नसतंय, मावशी. चाचणीत नियम हाय."

"मग दुसरी बघ, बाळ."

"एवढं काय त्यात?" ती पुटपुटली.

मी बादली उचलली.

कुणी पाणी दिलं, औषध दिलं, तर उपकार मानीन. राबून फेडीन. पण माझी लाज त्याच्या मोबदल्यात कुणाला मिळणार नाही. मुलासारख्यालाही नाही.