थंडीचे पाहुणे आणि बंद खोली

दिवाळी झाली की आमच्या शहाद्यात, मी पोळ्या करायला जाते त्या कॉलनीत, थंडीचे पाहुणे येतात. हे नाव आम्हा कामवाल्या बायकांनीच ठेवलं. माणसं इथलीच, पण पोरं अमेरिकेत, म्हणून हेही तिकडचेच झाले. तिकडं बर्फ पडायला लागला की इकडं येतात, होळी झाली की घराला कुलूप लावून जातात. आम्ही सकाळी शाली पांघरून कुडकुडतो आणि ह्यांचे म्हातारे अर्ध्या चड्डीत फिरायला निघतात. दर रविवारी एकाच्या घरी जमतात, प्रत्येकजण एकेक भाजी आणतो, सूर्य मावळायच्या आत जेवतात, मग पत्ते.

त्या रविवारी ह्यातल्याच एका काकूंकडं, ज्यांच्या पोळ्या मी करते, त्यांच्याकडं पाळी होती. माझी सासू लग्नाला गेलेली, माझ्या पोऱ्याला ठेवणार कोणाजवळ, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन आली. नुकताच धरून उभा राहायला लागला होता. काकू म्हणाल्या, "दे इकडं, झोपवते मी. तू पोळ्या लाट."

त्यांनी आतल्या खोलीत लाकडी कठड्याचा पलंग मांडून ठेवलेला. नातवासाठी घेतला होता, पण नातू काही आला नाही. मी पोळ्या लाटत होती तर काकू रिकाम्या हातानं आल्या आणि ओट्यावर एक पांढरा डबा ठेवला, मोबाईलएवढा.

"झोपला. दार लावलं, म्हणजे पत्त्यांचा आवाज नको. ह्यातून ऐकू येतं सगळं."

मला वाटलं मस्करी करतात. एवढंसं लेकरू एकटं बंद खोलीत कोण ठेवतं? तेवढ्यात तो डबा रडला. मन्हा पोऱ्या, त्या डब्यातून! माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी धावली, दाराची गोल मूठ फिरवली, फिरेना. तिला आतून बटण होतं, लावताना तेच दाबलं गेलेलं, आणि चावी आतच खिळ्याला.

मी दार बडवलं. आत तो जास्तच रडायला लागला. मी ओरडली, "तो कठड्यावर चढतो हो! खाली फरशी शे, डोकं फुटेल त्याचं!" खिडकी बाहेरून बघितली तर जाळी, काच, वर पडदा. काहीच दिसेना. पुन्हा आत पळत आली, पायातली चप्पल कुठं गेली कळलंही नाही.

सगळे पाहुणे दारापाशी जमले, हातात ताटं तशीच. एक काका म्हणाले, "तिकडं असतो तर एका फोनवर फायरवाले आले असते."

त्यांची बायको म्हणाली, "इथं तुम्ही आलात ना? मग लावा खांदा!"

त्यांनी खांदा लावला, तर खांदाच धरून बसले. दुसरे काका हातोडी आणायला घरी पळाले.

आणि डब्यातला आवाज बंद झाला.

एकदम. रडणं नाही, हुंदका नाही. मी तिथंच खाली बसली. पडला, मला वाटलं, पडला माझा पोऱ्या. मागं वळून बघितलं तर काकू ओट्याजवळ उभ्या, बटण दाबून डबा तोंडाजवळ धरलेला, तसं दाबलं की इकडचं बोलणं आत ऐकू जातं. चाळीस वर्षं तिकडं राहिलेली बाई, माझ्याशी नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलणारी, त्या डब्यात आमच्या अहिराणीत गुणगुणत होती, आई आली म्हणून, "ऊनी रे ऊनी, माय ऊनी, रडू नको मन्हा राजा, माय ऊनी..."

"तू बोल," त्या मला म्हणाल्या. मी डबा धरला, तोंड उघडलं, आवाजच निघेना. त्यांनी परत घेतला आणि गुणगुणत राहिल्या.

हातोडीनं मूठ तुटली. मी आत शिरली. पोऱ्या कठडा धरून उभा, गाल ओले, एक पाय वर टाकलेला. आणि बघत होता कुठं? माझ्याकडं नाही. फळीवर तसाच दुसरा डबा होता, त्याच्याकडं, तोंड उघडं टाकून.

मी त्याला उचललं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "काकू, तुमचा नातू असता तर कोंडला असता का?"

काकू म्हणाल्या, "तो असाच झोपतो. रडला तरी सून दार उघडू देत नाही, म्हणते सवय लागेल. मी रात्रभर डबा कानाशी धरून बसते. तिकडं बटण दाबून बोलायलाही मनाई शे मला."

मी पोऱ्याला घट्ट धरलं, एवढं की तो परत रडला. पोळ्या निम्म्या राहिल्या, त्या दिवशी पाहुणे भातावर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेली ती त्याला पदरानं पाठीशी बांधूनच. खाली ठेवायची छातीच होईना. काकूंनी बघितलं, परात स्वतःकडं ओढली आणि पीठ मळायला बसल्या. आतल्या दाराला मुठीच्या जागी भोक पडलेलं होतं. पोऱ्या माझ्या पाठीवरून तिकडंच बघत होता.

काकू हळूच म्हणाल्या, "ऊनी रे, माय ऊनी." ह्या वेळी डबा नव्हता. त्यानं मान वळवली आणि त्यांच्याकडं बघितलं, आणि मी पदराची गाठ हातानं चाचपून बघितली, घट्ट शे ना म्हणून.