मधली अक्षरं

समोर आलेला मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारी माणसं या जगात आजवर दोनच जन्माला आली, आणि ती दोन्ही मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या एकाच घरात राहिली. पहिला माझा कचेरीतला मित्र. तो आता नाही. दुसरा त्याचा मुलगा. बाकी आपण सगळे नुसती नजर फिरवणारे. या मुलाबद्दल (मुलगा म्हणजे चाळिशी ओलांडलेला, कानांवरचे केस पांढरे झालेला) मध्यंतरी परदेशातल्या लोकांनी इंटरनेटवर बरंच वाईट लिहिलं. ते अजून तिथं आहे म्हणतात. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे खात्रीनं सांगू शकणारा माणूस एकच, तो मी. म्हणून लिहायला बसलो.

चहाच्या टपरीवर आपण त्या चौकोनी चित्रावर मोबाइल धरतो, पैसे टाकतो आणि चालू लागतो. हा आधी पडद्यावर उमटलेलं नाव मोठ्यानं वाचणार आणि मग चहावाल्याच्या डोळ्यात बघून विचारणार, "शिंदे गणपत विठ्ठल, तुम्हीच ना?" दहा वर्षं तीच टपरी, तोच शिंदे. एकदा शिंदे वैतागून म्हणाला, "नाय सर, तो शिंदे गावाला गेला. मी दुसरा हाय." यानं शांतपणे मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "मग तुमचं चित्र दाखवा." फर्दापूरच्या एका नातलगाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तर सगळ्या खानदानानं ती बघून कपाटात टाकली होती. यानं ती वाचली. वार आणि तारीख जुळत नव्हती. लगेच मुलीच्या बापाला फोन. "मामू, मंगळवारी येऊ का बुधवारी?" पलीकडे पत्रिका उघडल्याची सळसळ, मग मामूंचा आवाज, "ठहर, मैं भी पूछता हूँ."

दिवसा तो एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. उरलेल्या वेळात तो एक लायब्ररी सांभाळत असे. त्यात पुस्तकं नव्हती. इंटरनेटवर जी आभासी नाणी चालतात, त्यांच्या जाळ्याशी आपला प्रोग्रॅम जोडायचा तर लागणारे तयार भाग त्यानं लिहून सगळ्यांसाठी उघडे ठेवले होते. कुणीही फुकट न्यावेत, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मला तो समजावून सांगायचा, "चाचा, प्रत्येकानं घरात विहीर खोदायची का? मी नळ बसवून दिलाय. पाणी माझं नाय." मी म्हणायचो, "बाबा रे, आपल्या शहरात नळाचं उदाहरण देऊ नकोस. लोक आठवडाभर तोटीकडं बघत बसतात." स्वतःकडं त्याच्या एकही नाणं नव्हतं. तरी गल्लीतले लोक त्याला गाठून हळूच विचारायचे, "सर, सध्या कोणतं घ्यावं?" तो तितक्याच हळू आवाजात सांगायचा, "म्हशीचं दूध घ्या. भाव पडत नाय."

जगभरातून त्याला तक्रारी यायच्या, आणि फुकट नेणारे लोक विकत घेणाऱ्यांपेक्षा जास्त चिडतात हे मला तिथं कळलं. कुणी लिहायचं, तुमच्यामुळं माझं काम दोन दिवस अडलं, ताबडतोब बघा. मांडीवर स्टीलचं ताट, ताटावर लॅपटॉप (ताटानं मशीन थंड राहतं असं त्याचं मत), आणि तोंडानं चालू, "इसके बाप ने नौकर रखा क्या मेरे कू? दो दिन में क्या दुनिया डूबी इसकी?" बोटं मात्र इंग्रजीत टाइप करत असायची: कळवल्याबद्दल मनापासून आभार, आजच पाहतो. आतून त्याची अम्मी ओरडायची, "किस से लड़ रा रे?" हा म्हणायचा, "लड़ नै रा अम्मी, शुक्रिया बोल रा."

आता माझा संबंध. मी आणि त्याचे अब्बा जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला देणाऱ्या कचेरीत शेजारी बसायचो. नकलेची एक पद्धत असते. नक्कल लिहून झाली की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून जुळवायचं. याला रुजवात म्हणतात. मग खाली दोघांच्या सह्या. आमच्यात नक्कल त्याचे अब्बा लिहायचे, मूळही तेच वाचायचे, आणि रुजवात माझी. तीस वर्षांत आमची एक नक्कल परत आली नाही. अब्बा घरी सांगायचे, "जोशीसारखी नजर साऱ्या मराठवाड्यात नाय." त्यांना माहीत नव्हतं ते असं, की पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर मी सुरुवातीचा गट नंबर बघायचो, शेवटचं नाव बघायचो आणि टिक करायचो. मधलं जुळतच असे, कारण लिहिणारा तो होता. माझी नजर तेज ठरली ती त्याच्या अक्षरावर.

मुलानं अब्बांचं ते वाक्य जपून ठेवलं होतं. त्याच्या लायब्ररीत एक यादी होती, कुठल्या जाळ्यावर कुठला व्यवहार कुठल्या पत्त्यावर जायचा त्याची. एकेक पत्ता म्हणजे चाळीसेक अक्षरांची आगगाडी, आकडे आणि इंग्रजी अक्षरं, अर्थ काही नाही. एक अक्षर चुकलं तर माणसाचे पैसे भलतीकडं. ही यादी बदलली की नवी यादी बाहेर सोडण्याआधी तिची रुजवात व्हायलाच हवी हा त्याचा हट्ट. मी म्हणालो, मशीन करील की. तो म्हणाला, "मशीनला जे सांगू तेच ते बघंल. माणूस पायजे. अब्बांचा माणूस पायजे." मी निवृत्त होऊन घरी बसलेलो, मला कोण विचारतंय? दर महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सकाळी मी पुंडलिकनगरहून चालत जायचो. अम्मी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा करायची, माझ्यासाठी खिम्याऐवजी पापड. तो जाळ्याच्या स्वतःच्या पानावरचा मूळ पत्ता वाचायचा, "सात, ए, तीन, एफ..." आणि मी छापील यादीवर पेन्सिल फिरवायचो. अगदी कचेरीसारखं. दुर्दैवानं, अगदी कचेरीसारखंच.

एका रविवारी यादीत एक नवी दुरुस्ती होती. लांबच्या कुणा अनोळखी माणसानं सुचवली होती, की अमुक पत्ता बदललाय, हा घ्या. तो पत्ता लबाडीचा होता. पहिली चार अक्षरं खऱ्यासारखी, शेवटची चार अक्षरं खऱ्यासारखी, मधलं सगळं निराळं. असे जुळे पत्ते मुद्दाम बनवतात म्हणे, कारण बहुतेक माणसं दोन टोकंच बघतात. तो खरा पत्ता अक्षर न् अक्षर वाचत होता. माझ्या हातातल्या कागदावर खोटा होता. आतून अम्मी म्हणत होती, "खिचड़ी ठंडी हो री." मी पुढचं बघितलं, मागचं बघितलं, टिक केली.

दुपारी यादी बाहेर गेली. संध्याकाळी कुठल्याशा देशातल्या एका मुलीनं मधली अक्षरं वाचली आणि बोंब ठोकली. रात्रीतून दुरुस्ती झाली, नशिबानं कुणाचं काही गेलं नाही. पण लोकांनी लिहायचं ते लिहिलं. हा विकला गेला, यानंच खोटा पत्ता घातला, आधीपासून संशय होता. आधीपासून फुकट नेत होते तेच लोक.

सोमवारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, "चाचा, एकच विचारतो. मधलं बी बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "अक्षर न् अक्षर."

त्यानं मान हलवली. माझ्यावर शंका घेण्याचा त्याच्या घरात रिवाजच नव्हता. "मग माझ्याच वाचण्यात गलती झाली," तो म्हणाला, आणि पेला धुऊन पालथा ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत. यानं तरीही हट्टानं एक चष्मा करून घेतला. मग लायब्ररीच्या पानावर त्यानं चार ओळी लिहिल्या आणि मला मराठीत करून ऐकवल्या: पत्ते मी वाचले होते, चूक माझी आहे, माझ्या नजरेवर यापुढं विसंबू नका. बारा वर्षांचं काम त्यानं दोन परक्या पोरांच्या हवाली केलं. माझं नाव कुठंच नव्हतं. मी ऐकून घेतलं आणि "बरं लिहिलंस" म्हणालो. हे मी म्हणालो.

याला वर्ष होऊन गेलं. मी गप्प राहिलो, कारण या वयात माझ्याकडं मिरवण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती. परवा टपरीवर शिंद्यानं मला थांबवलं. "साहेब, तुमचे सर आजकाल नाव नाय वाचत. मोबाइल धरत्यात, पैसे टाकत्यात, निघून जात्यात. तब्येत बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी आहे. शिंदे म्हणाला, "कसं तरीच वाटतं हो. कुणी नाव घेतलं की बरं वाटायचं."

तर हे कागद तयार आहेत. नियमाप्रमाणे बाहेर जाण्याआधी त्यांची रुजवात व्हायला हवी. येत्या रविवारी मुकुंदवाडीला जाईन. यावेळी मी वाचीन आणि तो नकलेवर बोट ठेवील. अम्मीनं हाक मारली तरी मधलं गाळणार नाही. तो सवयीनं चष्मा शोधू लागेल, तेव्हा म्हणेन, राहू दे, तुला तो कधीच लागत नव्हता.