आफरीननं खोडलेली वाक्यं

माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती समाजापुढं यावी म्हणून हा लेखनप्रपंच. परवा माझ्याच शाळेत, माझ्याच नववीच्या वर्गात, मोठ्या स्क्रीनवर माझं नाव झळकलं... 'अज्ञात कोल्हा'.

झालं इतकंच, की मी लॉगिन करायला विसरलो. निबंध हल्ली आम्ही ऑनलाइन लिहून घेतो, आणि तिथं नाव न सांगता शिरणाऱ्याला ते यंत्र एखादा प्राणी बहाल करतं. हत्ती चालला असता. सिंह तर शोभलाच असता. पण कोल्हा! संस्कृतात शृगाल म्हटलं तरी काही मान वाढत नाही.

असो. सांगायचंय ते वेगळंच.

आमची शाळा संभाजीनगरातली, गुलमंडीपासून चालत येण्यासारखी. कॉम्प्युटर लॅबचे थोडे तास मी मराठीसाठी भांडून मिळवलेत. प्रत्येक मूल आपलं पान लिहितं, बाकीच्यांना ते दिसतं, आणि कडेला कुणीही शेरा मारू शकतं. शेरे मारणं ही माझी एकट्याची मिरासदारी होती, ती गेली. पोरं माझ्यापेक्षा निर्दय आहेत, हेही कळलं...

जिल्ह्याच्या निबंध स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जातो. विषय होता 'माझे वडील'. मी आफरीनचा निवडला.

आफरीनचे अब्बू शिंपी. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि पेपरात चार ओळींच्या पुढं कधी न गेलेली ही मुलगी. तिनं लिहिलं होतं, "टेप खांद्याला लागली की प्रत्येक पोरगं दोन इंच वाढतं. अब्बू म्हणतात, श्वास सोड बेटा, शर्ट तुलाच घालायचाय."

मी ते वाक्य स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. स्पर्धांचं काम बघणारे आमचे जाधव सर, मूळचे देवगाव रंगारीचे, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, हे लेकराचं नाय. मोबाईलनं लिहिलेलं हाय हे."

मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, "लई चांगलं हाय म्हणून!"

सरांचीही चूक नाही. त्याच आठवड्यात त्यांनी एआयकडून लिहून घेतलेले असे काही निबंध पकडले होते, ज्यांतले वडील सगळ्या घरांत सारखेच थोर होते. आणि नाव पाठवायचा तो शेवटचा दिवस. आफरीनचं नाव मागं घेतलं असतं, तर का घेतलं ते दुपारपर्यंत अख्ख्या शाळेला कळलं असतं... पुन्हा ती चार ओळींवर गेली असती, आणि मग कुणाचा बाप तिला पाचवी ओळ लिहायला लावू शकला नसता.

न्यायशास्त्रात अनुमान असतं आणि प्रत्यक्ष असतं. सरांकडं अनुमान होतं. पुढचा तास माझा नववीचाच होता, मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेलो.

या ऑनलाइन पानांची एक सोय आहे. काय लिहिलं, काय खोडलं, सगळं मागं जाऊन पाहता येतं. आफरीनला विचारलं, दाखवू का गं वर्गाला? ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं मान डोलावली. मी पहिल्यापासून सुरू केलं.

पहिली ओळ आली. "माझे वडील अतिशय कष्टाळू असून ते सूर्योदयापूर्वी उठतात." थेट गाईडमधली. त्याखाली तिच्याच गल्लीतल्या वैष्णवीचा शेरा... "कोणता सूर्योदय गं? तुझे अब्बू दहाला शटर उघडतात. मी रोज बघते."

वर्ग हसला. ओळ पुसली गेली. मग बरेच दिवस पान कोरं.

मग एकदम, "पोरं ताठ उभी राहतात." खोडलं. "पोरं श्वास रोखतात." खोडलं. 'अब्बू'चे 'वडील' झाले, वडिलांचे 'पिताजी' झाले, आणि पिताजी पुन्हा मुकाट्यानं अब्बू झाले. एका जागी माझी सूचना होती, 'येथे उपमा अलंकार वापरावा'. आफरीननं ती वाचली होती आणि काहीही न करता 'झालं' असं बटण दाबून निकालात काढली होती. शेवटी टेप खांद्याला लागली, आणि पोरगं दोन इंच वाढलं.

एव्हाना वर्गात कुणी हसत नव्हतं. एक वाक्य इतक्या वेळा मोडून बांधावं लागतं, हे मी इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. त्या दिवशी त्यांनी ते होताना पाहिलं.

आफरीन मात्र रडकुंडीला आलेली. "सर, खोडलेलं पण दिसतं का सगळ्यांना?"

"दिसतं बेटा," जाधव सर मागून म्हणाले, "म्हणून तर वाचलीस." मग माझ्याकडं वळून, "पाठवा हो. आणि तुमची ती उपमा नाय घेतली ते बरंच केलं पोरीनं."

निबंध गेला. निकाल यायचाय. बक्षीस मिळो न मिळो, माझी छाती त्या दिवसापासून टेप लावल्यासारखीच आहे, आणि यातलं श्रेय वैष्णवीच्या खवट शेऱ्याला माझ्यापेक्षा जास्त आहे, हेही अभिमानानंच सांगतो.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. स्टाफरूममध्ये सर बोलले, तेव्हा मीही क्षणभर त्या वाक्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं होतं. उद्या दुसरं कुणी लेकरू असंच एखादं वाक्य लिहील, आणि मला आनंद व्हायच्या आधी संशय येईल... याची मला खरंच भीती वाटते.