तीन हिस्से दवा, एक हिस्सा पानी

काचेची पिचकारी खिडकीच्या उजेडात धरायची, तिच्यावरच्या रेघा मला दाखवायच्या आणि म्हणायचं, "साईं, झूठ नहीं बोलेगा. आज तीन हिस्से दवा, एक हिस्सा पानी." अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या दवाखान्यातले हे कंपाउंडर. फाळणीनंतर सिंधमधून आलेले, उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीत राहणारे. औषधात पाणी घालणारे कंपाउंडर तुम्हीही पाहिले असतील. पेशंटला सांगून घालणारे मी हे एकच पाहिले.

माझ्या डाव्या पायावर लोखंडी पत्र्यांची चळत कोसळली होती. पाय वाचला, पण इस्पितळातून मी मॉर्फियाची सवय घेऊन बाहेर पडलो. जखम भरली तरी सुईची वेळ झाली की पाय ठणकायचा आणि मी घरातल्यांवर खेकसायचो. सुई सुटल्याशिवाय कामावर घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरात खाणारी पाच तोंडं. डॉक्टरांनी मला कंपाउंडरांच्या हवाली केलं.

यांना घाई म्हणून ठाऊक नव्हती. आधी स्टोव्हवर सुई उकळायची, मग दंडाला स्पिरिट चोळायचं. पाय हा कुणी निराळा गृहस्थ असावा अशी त्याची विचारपूस करायची. मग रेघा. दर आठवड्याला दवा कमी होत गेली, पाणी वाढत गेलं. हा माणूस उघडउघड फसवतोय, असं आमच्या मंडळींचं मत होतं. मलाही तसंच वाटे, पण ठणका थांबायचा. पायाला हिंदी कळत नसावी.

एकदा ते दोन दिवस रजेवर गेले. बदलीच्या माणसाने माझ्याकडे न बघता सुई टोचली आणि पुढच्याला हाक मारली. मी दिवसभर कण्हत होतो. नुसतं पाणी टोचलं म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. कंपाउंडर परत आले, त्यांनी चौकशी केली आणि शांतपणे म्हणाले, "साईं, वो पूरी दवा थी." त्यानंतर आठवडाभर मी कसलीच तक्रार केली नाही.

शेवटी निव्वळ पाण्याचा दिवस उजाडला. मग टोचता कशाला, असं मी विचारलं. एकदम बंद केली तर सुईला वाईट वाटेल, म्हणाले. ते विनोद करत नसत. पंधरा दिवसांनी सुईही सुटली आणि मी कामावर रुजू झालो.

पुढे वर्षभरात त्यांनी कॅम्प सोडला. कुठे गेले, कुणालाच नीट सांगता आलं नाही. मला ते आठवतात ते मी पेढे घेऊन त्यांच्या बराकीत गेलो त्या दिवशीचे.

खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता, नुसता हाडांचा सापळा. मला पाहताच त्याने बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

कंपाउंडरांनी त्याची बाही हलकेच खाली ओढली. फाळणीच्या धामधुमीत तो जखमी झाला होता. त्याचं विव्हळणं ऐकवेना म्हणून यांनीच सुया दिल्या. मग सवय सोडवायची म्हणून एक दिवस न सांगता पाणी भरलं, आणि भावाने ते ओळखलं.

"एक ही बार झूठ बोला, साईं," ते म्हणाले. "अब असली दूँ, तो भी बोलता है पानी है."

काहीतरी करायचं म्हणून मी पुडा सोडला. कंपाउंडरांनी त्यातला एक पेढा भावाच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, हुंगला आणि त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "असली है?"

मी हो म्हणालो, तेव्हा त्याने तो खाल्ला.